‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ : फुलसावंगीसारख्या गावातील लहान डुक्कर-वधगृहाच्या नियोजनाचा विचार

ग्रामीण भागात डुकरांसाठी लहान व आरोग्यदृष्ट्या निर्दोष असे वधगृह कसे उभारावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी पशुवैद्यकाचा, स्थापत्यविशारदाचा आणि फार तर ग्रामप्रशासनाचा वाटतो. भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने त्यात का पडावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, या नियोजनाच्या आड येणारी पहिली अडचण पैशाची किंवा यंत्रसामग्रीची नसून शब्दार्थाची आहे. मराठीत ‘घाण’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न गोष्टींना लावतो. ज्याने रोग होतो तीही घाण, आणि ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो तीही घाण. या दोन कल्पनांची गल्लत झाली म्हणजे वधगृहाची जागा चुकते, त्याचा आराखडा चुकतो आणि नियमही कागदावरच राहतात. ही गल्लत कोठे व कशी होते हे दाखवून, तिच्यापासून मुक्त अशा नियोजनाची रूपरेषा मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक विशिष्ट स्थळ डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील मोठे गाव. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. कापूस, सोयाबीन व तूर ही या भागाची मुख्य पिके, आणि शेती बव्हंशी पावसावर अवलंबून. अशा गावी आठवड्यातून काही दिवस, दिवसाला पाच-सहा डुकरांचा वध होईल एवढ्याच क्षमतेचे वधगृह उभारावयाचे आहे, असे आपण गृहीत धरू.

१. शब्दांची पार्श्वभूमी

वधाच्या जागेला मराठीत आज प्रामुख्याने तीन नावे आहेत. ‘कत्तलखाना’ हा अरबी ‘कत्ल’ आणि फारसी ‘खाना’ यांच्या संयोगातून आलेला शब्द. त्यात हिंसेचा ध्वनी ठळक आहे. ‘कसाईखाना’ हा धंद्याच्या नावावरून बनलेला आणि व्यवहारात शिवीच्या जवळ गेलेला शब्द. तिसरा ‘पशुवधगृह’ हा शासकीय मराठीने घडविलेला संस्कृत समास. तो निर्विकार आहे, पण लोकांच्या तोंडी नाही. मारणाऱ्याचीही गोष्ट अशीच. शेळ्यामेंढ्या कापणारा तो ‘खाटीक’. संस्कृत कोशांतील ‘खट्टिक’ हे त्याचे मूळ. ‘कसाई’ हे नाव सामान्यतः मोठ्या जनावरांशी जोडले जाते. मात्र डुकराचे मांस तयार करणाऱ्याला प्रचलित मराठीत असे स्वतंत्र धंदेवाचक नाव रूढ झालेले दिसत नाही. जो पाळतो तोच मारतो आणि तोच विकतो. ज्या कामाला नाव नाही, त्याचे प्रशिक्षण, परवाना किंवा तपासणी यांची कल्पना समाजाच्या मनात सहजासहजी उभी राहत नाही.

प्राचीन परिभाषा या बाबतीत अधिक संपन्न होती. संस्कृतात वधस्थानाला ‘सूना’ म्हणत. धर्मशास्त्रातील ‘पंचसूना’ या कल्पनेत चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही प्रत्येक गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने मानली आहेत; म्हणजे जीवहत्या ही केवळ गावाबाहेरच्या कोणाची तरी गोष्ट आहे, असे तेथेही मानलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा सव्विसावा अध्याय ‘सूनाध्यक्ष’ या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांना वाहिलेला आहे. मांस ताजे व हाडरहित विकावे. डोके, पाय व हाडे नसलेले, दुर्गंधी सुटलेले, आपोआप मेलेल्या जनावराचे, किंवा वधस्थानाबाहेर मारलेल्या जनावराचे मांस विकू नये. विकल्यास बारा पण दंड, असा तेथे निर्बंध आहे. यांपैकी शेवटच्या प्रकाराला ग्रंथकाराने ‘परिसून’ असा एकच नेमका शब्द वापरला आहे. प्रा. र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेली आवृत्ती ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी हा अध्याय अवश्य पाहावा. डोके व पाय नसलेले धड विकू नये, या नियमामागे जनावर कोणते व कसे होते हे ओळखता यावे असा हेतू असावा. आजचा तपासनीसही डोके आणि अंतर्गत अवयव धडाबरोबरच तपासतो. महत्त्वाचे हे की, या निर्बंधांचा रोख विटाळावर नाही. तो मांसाच्या स्थितीवर आणि वधाच्या जागेवर आहे.

२. कायद्याच्या दृष्टीतील गाव

आजचा कायदा मात्र वधगृहाची कल्पना मुख्यतः शहराच्या संदर्भात करतो. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत ‘कत्तलखाने व कातडी कमावण्याचे कारखाने यांचे विनियमन’ हा अठरावा विषय आहे. त्याच वर्षीच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी दिलेल्या अकराव्या अनुसूचीच्या २९ विषयांत पशुसंवर्धन आहे, दुग्धव्यवसाय आहे, कुक्कुटपालन आहे. पण वधगृह नाही. पशूंना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली २००१ साली वधगृहांसाठी जे नियम झाले, त्यांतही परवानाप्राप्त वधगृहाबाहेर वध करण्यास मनाई आहे ती नगरपालिका क्षेत्रात. आणि ‘वधगृह’ या संज्ञेच्या व्याख्येत दिवसाला दहा किंवा अधिक जनावरांचा वध होणारी जागाच बसते. दिवसाला पाच-सहा डुकरे मारणारी जागा या व्याख्येच्या बाहेर राहते.

याचा अर्थ गावाला कोणताच कायदा लागू नाही असा नव्हे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम (२००६) ग्रामीण भागालाही लागू आहे, आणि त्याखालील २०११ च्या विनियमांत दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा लहान जनावरे किंवा पन्नास पक्षी एवढ्या मर्यादेपर्यंतच्या वधव्यवसायाला लहान अन्नव्यवसाय मानून नोंदणीची तरतूद करण्यात आली. तथापि २००१ च्या नियमांतील विश्रांती, पशुवैद्यकीय तपासणी व बेशुद्धी यांविषयीच्या तरतुदी लहान वधगृहानेही आपण होऊन स्वीकाराव्यात, हे उचित होय. व्याख्येतून सुटले म्हणून जनावराच्या वेदना कमी होत नाहीत, आणि मांसातील जंतूही कमी होत नाहीत.

शासनाचे या विषयातील पूर्वीचे प्रयत्नही मोठ्या प्रमाणाकडे झुकलेले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलिगढ, हरिणघाटा आणि महाराष्ट्रात बोरिवली अशा ठिकाणी डुकराचे मांस खारवून टिकविण्याचे कारखाने निघाले. मुंबईचे देवनार येथील वधगृह १९७१ साली सुरू झाले. अशा कारखान्यांना एकसारख्या वजनाची, सुधारित जातीची डुकरे नियमितपणे लागतात. गावातील काळे देशी डुक्कर आणि त्याचा पाळणारा या व्यवस्थेच्या बाहेरच राहिले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे ९०.६ लाख भरली; २०१२ च्या तुलनेत ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. यातील जी डुकरे गावोगावी मारली जातात त्यांच्यासाठी लहान वधगृह हाच व्यवहार्य मार्ग आहे.

३. वधगृह कोणासाठी?

‘जे डुक्कर खातात त्यांनी पाहून घ्यावे,’ अशी प्रतिक्रिया या विषयावर हमखास ऐकू येते. ती चुकीची का, हे पट्टकृमीच्या जीवनचक्रावरून स्पष्ट होईल.

टीनिया सोलियम या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मोकाट डुकराने ती विष्ठा खाल्ली म्हणजे अंड्यांतून निघालेले डिंभ त्याच्या स्नायूंत जाऊन बसतात व साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पुटी तयार होतात. असे मांस माणसाने अर्धेकच्चे खाल्ले तर त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची लांबी सामान्यतः दोन ते सात मीटर असते. या अवस्थेत रोग्याला फारसा त्रास होत नाही, आणि हीच धोक्याची बाब आहे. त्याच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा कच्ची भाजी यांतून त्याच्या स्वतःच्या वा दुसऱ्याच्या पोटात गेली, तर डिंभ मेंदूतही पोहोचतात आणि अपस्मार, म्हणजे बोलीतील फेफरे किंवा मिरगी, उद्भवते. जेथे हा रोग मूळ धरून आहे अशा प्रदेशांतील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रोग्यांत त्याचे कारण हा कृमी असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे.

या साखळीतील एक कडी नीट ध्यानात घेतली पाहिजे. मेंदूचा रोग मांसातून होत नाही. तो अंड्यांतून होतो. म्हणून ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केला नाही, त्याच्या घरातील मुलालाही फेफरे येऊ शकते. सोवळ्याची कितीही काटेकोर मर्यादा या अंड्यांना अडवीत नाही. शौचालय, साबणाने धुतलेले हात, बांधून पाळलेले डुक्कर आणि तपासलेले मांस यांनीच ती अडतात. वधगृह ही यांतील एक कडी तोडते. सर्व कड्या तोडण्याचे सामर्थ्य त्यात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

४. जागेची निवड

अशी सुविधा गावात यावयाची म्हटली की तिची जागा जवळपास आधीच ठरलेली असते: गावाच्या अगदी टोकाला, नाल्याच्या काठी, जेथे कोणाची दृष्टी पडणार नाही. ही निवड विटाळाच्या तर्काने होते. आरोग्याच्या तर्काने पाहिले तर ती बहुधा सर्वांत वाईट जागा ठरते. तेथे नळाचे पाणी नसते, वीज भरवशाची नसते, पावसाळ्यात रस्ता नसतो आणि पशुवैद्यकही जावयास नाखूश असतो. वाहून जावयास नाला मात्र असतो. डुकराच्या वजनाच्या सुमारे तीन-चार टक्के रक्त वधाच्या वेळी बाहेर पडते, आणि रक्ताचा सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या कित्येक शेपट असतो. जी ‘घाण’ गावाने दूर लोटली ती नाल्यावाटे नदीला, आणि उन्हाळ्यात आटलेल्या नाल्यातील झिऱ्यावाटे पुन्हा गावालाच मिळते.

यास्तव जागा निवडताना पुढील क्रम पाळावा. प्रथम पाणी: प्रत्येक डुकरामागे काहीशे लिटर पिण्यायोग्य पाणी लागेल असे धरून, मे महिन्यातील स्थितीवरून उपलब्धतेचा अंदाज घ्यावा. दुसरे, बारमाही रस्ता. तिसरे, वीज. चौथे, उताराची पण पूररेषेबाहेरची जमीन. तेथून सांडपाणी शोषखड्ड्यांकडे वा झाडांकडे जावे, नाल्याकडे नव्हे, आणि जवळ कोणतीही विहीर नसावी. पाचवे, वस्तीपासून पुरेसे अंतर. अंतर हवेच; कारण माश्या, आवाज व वास यांचा उपद्रव खरा आहे. पण ते पाचव्या क्रमांकावर हवे. विटाळाचा तर्क त्याला पहिल्या क्रमांकावर नेतो आणि उरलेल्या चारांचा विचारच होऊ देत नाही.

५. आराखडा

लहान वधगृहाच्या आराखड्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: जनावर एका दाराने आत यावे, मांस दुसऱ्या दाराने बाहेर जावे, आणि या वाटेवर कोणतीही वस्तू उलट दिशेने येऊ नये. विष्ठा, केस व आतडी हाताळण्याचा भाग आणि उघडे मांस हाताळण्याचा भाग यांत भिंत असावी. दोहोंकडची माणसे, सुऱ्या व बादल्या वेगळ्या असाव्यात.

आदल्या दिवशी आणलेली डुकरे सावलीच्या कोंडवाड्यात विसावतील. २००१ च्या नियमांत लहान जनावरामागे १.६ चौरस मीटर जागा सांगितली आहे. त्या हिशेबाने सहा डुकरांना सुमारे दहा चौरस मीटर पुरतील. पाणी भरपूर द्यावे. खाणे मात्र सुमारे बारा तास आधी थांबवावे, म्हणजे आतडी रिकामी राहून फाटण्याचा संभव कमी होतो. येथेच पशुवैद्यकाची पहिली तपासणी व्हावी.

त्यानंतर जनावराला इतरांच्या दृष्टीआड नेऊन विजेच्या चिमट्याने बेशुद्ध करावे आणि शुद्धी परतण्यापूर्वी, साधारणतः पंधरा सेकंदांच्या आत, रक्तवाहिनी छेदावी. वीज केव्हाही जाऊ शकते हे लक्षात घेऊन दुसरे साधन सज्ज असावे. मागील पाय बांधून शुद्धीवरील डुकराला भोसकण्याची रीत क्रूर आहे. शिवाय घाबरलेल्या, धडपडलेल्या जनावराचे मांसही हलक्या प्रतीचे होते. रक्त भांड्यात धरावे, मोरीत सोडू नये.

केस काढण्यासाठी ६० ते ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्याचा हौद लागतो. पाणी याहून थंड असल्यास केस निघत नाहीत आणि अधिक कढत असल्यास कातडी शिजते. म्हणून तापमापक ही येथे चैन नव्हे. खरवडलेले धड जमिनीवर न ठेवता आकड्याला टांगावे. एवढा एक बदल, म्हणजे जमिनीवरून आकड्यावर, मांसाच्या आरोग्यात जितका फरक घडवितो तितका कोणतेही महागडे यंत्र घडवीत नाही. टांगलेल्या धडातून आतडी अखंड बाहेर काढावीत. जीभ, जबड्याचे स्नायू, हृदय व मध्यपटल यांवर छेद घेऊन पुटी पाहाव्यात. सुऱ्या ८२ अंशांच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक कराव्यात. फरशीला पन्नासास एक असा उतार, भिंतींना धुता येईल असा गुळगुळीत गिलावा, खिडक्यांना जाळी आणि कामगारांसाठी शौचालय व हात धुण्याची जागा असावी. शौचालय ही येथे केवळ सोय नाही. पट्टकृमीची अंडी माणसाकडूनच येतात हे आपण पाहिलेच आहे.

शीतगृह परवडणार नाही हे मान्य करून वेळापत्रक आखावे: वध पहाटे, तपासणी सूर्योदयाच्या सुमारास, विक्री दुपारच्या आत. आतड्यांतील मळ व शेण खतखड्ड्यात किंवा गोबरवायू संयंत्रात जावे. नाकारलेले मांस चुन्यासह खोल पुरावे अथवा जाळावे. ते, किंवा कोणतेही टाकाऊ अवयव, पुन्हा डुकरांना चारू नयेत. २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळलेला आफ्रिकी डुक्करज्वर अशाच मार्गांनी पसरतो. तो माणसाला होत नाही, पण पाळणाऱ्याचा कळप मात्र संपवितो. आणखी एक दक्षता: ‘डुक्कर’ या शब्दात रानडुक्करही येते, आणि ते १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षित आहे. त्याचे मांस या दारातून बाहेर पडता कामा नये.

६. नियमांची भाषा

वधगृहात काम कोण करील? यवतमाळ जिल्ह्यात परंपरेने डुकरे पाळणाऱ्यांत कैकाडी समाज आहे. टोपल्या विणणे हा त्याचा दुसरा व्यवसाय. हा समाज विदर्भातील जुन्या जिल्ह्यांत अनुसूचित जातींच्या यादीत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. त्याची बोली द्राविडी कुळातील असून ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिचा विचार तमिळच्या अनुषंगाने केलेला आहे. याच परिसरात तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते आणि गावात वऱ्हाडी. अशा ठिकाणी ‘मरणोत्तर परीक्षणान्ती अयोग्य घोषित करण्यात आलेल्या मांसाची विल्हेवाट लावण्यात यावी’ असा फलक लावणे म्हणजे फलक न लावण्यासारखेच होय. या वाक्यात कठीण शब्द आहेत हा लहान दोष. मोठा दोष असा की, त्यात कर्ता नाही. मांस कोणी पाहावे, कोणी पुरावे, हे वाक्य सांगत नाही. आणि ज्या नियमाला कर्ता नसतो तो कोणीही पाळत नाही. त्याऐवजी ‘शिक्का नसलेले मांस कोणीही विकू नये. डॉक्टरने नाकारलेले मांस मालकाने त्याच दिवशी पुरावे,’ असे म्हणता येईल. तेच कैकाडीत तोंडी समजावून सांगावे, आणि दोन्ही भागांच्या भांड्यांना दोन रंग द्यावेत.

साध्या शब्दाचे सामर्थ्य महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्दप्रयोग गावोगावी पोहोचला. सभ्य वर्तुळांत जो शब्द उच्चारला जात नसे तो शासकीय कागदावर आला, आणि विषय टाळण्याची सोय उरली नाही. वधगृहाच्या बाबतीतही ‘पशुवधगृह’ हे नाव कागदावर राहो; पण पाटीवर लोकांना कळेल असे, आणि तेथे काम करणाऱ्याला कमीपणा न आणणारे नाव हवे. माझ्या मते ‘मांस तपासणी व विक्री केंद्र’ हे पुरेसे आहे. त्यात भर मारण्यावर नसून तपासण्यावर आहे.

उपसंहार

‘शुद्ध’ हा शब्द वस्तूला कायमचा गुण चिकटवितो: अमुक प्राणी अशुद्ध, अमुक माणूस अशुद्ध, आणि त्यावर उपाय नाही. ‘स्वच्छ’ हा शब्द कृतीचे फळ सांगतो: काल अस्वच्छ होते ते आज धुतल्याने स्वच्छ झाले, उद्या पुन्हा धुवावे लागेल. वधगृहाचे नियोजन दुसऱ्या शब्दाच्या आधारेच होऊ शकते. ज्या प्राण्याला आपण मुळातच अशुद्ध मानतो त्याच्यासाठी पाणी, फरशी व तपासनीस यांवर खर्च करणे ग्रामसभेला निरर्थक वाटते; ज्या माणसाला आपण अशुद्ध मानतो त्याच्या हातात तापमापक देण्याचे आपल्याला सुचत नाही. परिणामी वध नाल्याकाठी, जमिनीवर आणि तपासणीविना होत राहतो, आणि त्याची किंमत ज्यांनी दूर राहण्याची काळजी घेतली त्यांनाही द्यावी लागते.

समाजशास्त्र, पशुवैद्यक व भाषाविज्ञान या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे काम येथे आहे. एखाद्या गावी ‘घाण’, ‘विटाळ’, ‘ओवळे’, ‘खराब’ हे शब्द कोण, कशाला व केव्हा लावतो याची नोंद करणे, हा त्याचा आरंभ होऊ शकेल. आराखडा काढणाऱ्याच्या हाती जमिनीच्या नकाशाबरोबरच ही नोंदही असावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.